पोकेमॉनचा संच: साठ पत्त्यांचे गणित

पोकेमॉनच्या पत्त्यांच्या स्पर्धेत प्रत्येक खेळाडूचा संच नेमका ६० पत्त्यांचा असतो. मूलभूत ऊर्जापत्ते वगळता एकाच नावाचे ४ पत्तेच घेता येतात. प्रारंभी ७ पत्ते हाती येतात, तर ६ बक्षीसपत्ते म्हणून पालथे ठेवले जातात. ज्या पत्त्याच्या ४ प्रती आहेत, तो पहिल्याच हातात येण्याची शक्यता सुमारे ४० टक्के. एकच प्रत असल्यास सुमारे १२ टक्के. शिवाय ती एकुलती प्रत सरासरी दहांपैकी एका डावात बक्षीसपत्त्यांत अडकते. म्हणून ज्यावाचून डाव उभा राहत नाही, तो पत्ता एकटा ठेवू नये.

चाचणी घेताना एका वेळी एकच बदल करावा. दोन-चार पराभवांनी संच मोडू नये. दोष रचनेचा की पिसण्याचा, हे अनेक डावांच्या नोंदीतूनच उमगते.