चिठ्ठ्या चार, पोट एक

मागच्या वेळी आपण कार्यकारणभाव पाहिला. एका गोष्टीमागून दुसरी घडली म्हणून पहिली ही दुसरीचं कारण ठरत नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडू शकते. आज त्याची उलटी बाजू घेऊ. कधी कधी कावळ्यानेच फांदी मोडलेली असते आणि आपण त्याच्याकडे बघत नाही, कारण आपल्या हाताशी एक सोपं कारण तयार असतं. ते म्हणजे 'वय झालं'. विषय आहे उतारवयातली औषधं. आमच्या नावाआधीही डॉक्टर लागतं, पण ते तत्त्वज्ञानाचं. तेव्हा कोणती गोळी घ्या आणि कोणती सोडा हे आम्ही सांगणार नाही. विचार कसा करायचा, एवढंच.

उदाहरण कुठल्याही घरातलं घ्या. सत्तरीच्या आजींना रक्तदाबासाठी अम्लोडिपिन सुरू झालं. औषध चांगलं, दाब उतरला. काही दिवसांनी घोटे सुजले. अम्लोडिपिनने काहींचे पाय सुजतात, ही वैद्यकातली जुनी माहिती आहे. पण आजी या वेळी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्या आणि पहिली चिठ्ठी घरीच राहिली. त्यांनी सूज पाहिली, लघवी वाढवणारी गोळी दिली, आपण जिला पाण्याची गोळी म्हणतो ती. मग रात्री तीनदा उठणं आलं. झोप मोडते म्हणून झोपेची गोळी आली. एका रात्री त्या झोपेच्या गुंगीत संडासाकडे जाताना पडल्या आणि खुबा मोडला. घरात सगळे काय म्हणाले? वय झालं हो आता.

पॉला रोशॉन आणि जेरी गुर्विट्झ यांनी 1997 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लेख लिहून ही साखळी मांडली: एका औषधाचा दुष्परिणाम नवा आजार समजला जातो आणि त्यावर दुसरं औषध सुरू होतं. विचार मात्र जुना आहे. चरकसंहितेच्या निदानस्थानात शुद्ध चिकित्सा कोणती याची चर्चा आहे. एक रोग शमवून दुसरा उभा करणारा उपचार तिथे शुद्ध मानलेला नाही.

आता यात चूक कोणाची? तर्काच्या वर्गात आम्ही हा प्रश्न आवर्जून विचारला असता. पहिल्या डॉक्टरांचं बरोबर होतं. दुसऱ्यांनी समोर दिसलं त्यावर औषध दिलं. प्रत्येक चिठ्ठीला आपलं कारण आहे. पण सगळ्या चिठ्ठ्या मिळून जे झालं, ते कोणीच ठरवलेलं नव्हतं. अवयव बरोबर म्हणजे अवयवी बरोबर असं होत नाही. आणि औषध सुरू करणारा कोणीतरी असतो; बंद करायचं काम मात्र कोणाचंच नसतं.

आपल्या खानदेशात याला आणखी धार येते. हृदयासाठी नाशिक, डोळ्यांसाठी जळगाव, मुलगा सुरतेला म्हणून साखरेची तपासणी तिकडे. अंग दुखलं तर कोपऱ्यावरचं मेडिकल आहेच. शिवाय मेहरूण तलावावर सकाळी फिरताना 'गुडघ्याला ही गोळी घेऊन बघा, मला फरक पडला' हा सल्ला फुकट मिळतो. त्यात आपल्याकडच्या जोडगोळ्या. एकाच गोळीत टेल्मिसार्टन, अम्लोडिपिन आणि पाण्याची गोळी असं तिन्ही असू शकतं. माणूस सांगतो, 'दाबाची एकच गोळी घेतो.' गोळी एक, औषधं तीन. दुसऱ्या गावच्या डॉक्टरांनी वेगळ्या नावाने अम्लोडिपिन लिहिलं, तर तेच औषध दोनदा पोटात जातं. म्हणून पाकिटावरचं मोठं नाव सोडा आणि खालच्या बारीक अक्षरांत आत काय आहे ते वाचा. चष्मा लागेल, पण वाचा.

शरीरही तेच राहत नाही. वयानुसार अंगातलं पाणी कमी होतं, चरबीचा वाटा वाढतो. डायझेपामसारखं चरबीत मुरणारं औषध त्यामुळे रेंगाळतं. निम्मं औषध उतरायला विशीत सुमारे 20 तास लागतात, तर ऐंशीत सुमारे 90. म्हणजे काल रात्रीची गोळी उतरायच्या आत आजची पडते, आणि मग आजोबा दिवसभर पेंगतात, विसरतात, तोल जातो. अल्प्राझोलाम त्यामानाने लवकर उतरतं, पण तोल आणि स्मरण तेही बिघडवतं. ते 2014 पासून लागू झालेल्या शेड्यूल एच-वनमध्ये आहे. चिठ्ठीशिवाय देता येत नाही, दिलं तर दुकानदाराने नोंदवहीत लिहायचं असतं. आपल्या गल्लीत काय चालतं, ते तुम्ही जाणता.

मूत्रपिंडाचं काम वयाबरोबर मंदावतं, आणि इथे रिपोर्टही फसवतो. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. म्हातारपणी स्नायूच झडलेले, म्हणून आकडा 'नॉर्मल' दिसतो आणि मूत्रपिंड प्रत्यक्षात थकलेलं असू शकतं. आता आपला मे महिना आठवा. जळगाव-भुसावळला पारा 45 च्या आसपास. घामाने अंगातलं पाणी गेलं, पाण्याच्या गोळीने आणखी गेलं. मूत्रपिंडाच्या गाळणीत रक्त ढकलायला दाब लागतो. टेल्मिसार्टन गाळणीतून बाहेर जाणारी नळी सैल करतं, आणि डायक्लोफेनॅकसारखी दुखण्याची गोळी आत येणारी नळी आवळते. तिन्ही एकत्र आली की गाळणीत दाबच उरत नाही. जुलाब झाले तर बघायलाच नको. (डायक्लोफेनॅक दिलेली जनावरं मेल्यावर ती खाऊन गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन गेली, म्हणून 2006 मध्ये जनावरांसाठी ते बंद झालं. माणूस गिधाडापेक्षा बराच चिवट आहे, पण मूत्रपिंड त्यालाही आहे.) म्हणून उन्हाळा लागायच्या आधी डॉक्टरांना विचारून ठेवावं: फार ऊन लागलं, उलट्या-जुलाब झाले, तर यातली कोणती गोळी थांबवायची?

तसाच प्रश्न एकादशीचा. ग्लिबेनक्लामाइड किंवा ग्लिमेपिराइड पोटात आणि पोट रिकामं, की साखर धाडकन उतरते. म्हातारपणी तेव्हा थरथर, घाम कमी दिसतो; माणूस फक्त असंबद्ध बोलू लागतो. घरचे म्हणतात, भ्रम झाला.

याची जाण जगाला उशिरा आली. आपल्याकडे मद्रास मेडिकल कॉलेजात डॉ. व्ही. एस. नटराजन यांनी 1978 मध्ये वृद्धांसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला. अमेरिकेत मार्क बीअर्स यांनी 1991 मध्ये वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी केली. ती आजही सुधारली जाते, 2023 ची आवृत्ती आहे. सर्दीच्या गोळ्यांतलं क्लोरफेनिरामिन त्यात आहे, कारण त्याने लघवी अडते, शौचाला घट्ट होतं, डोकं गोंधळतं. पण आम्हांला जास्त पटते ती आयर्लंडची 2008 ची 'स्टॉप' आणि 'स्टार्ट' ही जोडी. एकीत थांबवायची औषधं, दुसरीत द्यायला हवी असून दिली जात नाहीत ती. हृदयाचे ठोके अनियमित असलेल्या ऐंशीच्या माणसाला केवळ वय बघून रक्त गोठू न देणारं औषध नाकारलं आणि त्याला लकवा झाला, तर तिथेही 'वय झालं' हेच कारण पुढे होतं. गोळ्या कमी करणं हे ध्येय नव्हे. प्रत्येक गोळीला आजचं कारण असणं, हे आहे.

म्हणून एक करा. घरातली सगळी औषधं, चूर्णं, मलमं, बंद पडलेली पाकिटंसुद्धा, एका पिशवीत भरा आणि एकाच डॉक्टरांपुढे ओता. विचारा: ही कशासाठी, किती दिवस, हिच्याने काय होऊ शकतं? मनाने बंद मात्र करू नका. झोपेची गोळी, मेटोप्रोलोल, स्टेरॉइड एकदम सोडलं तर जिवावर बेतू शकतं. ती पायरीपायरीने उतरवायची असतात.

एका ताईंची चिठ्ठी आली आहे: 'आयुर्वेदिक काढा तर चालतो ना?' ताई, काढ्यात ज्येष्ठमध आहे का बघा. ते रोज आणि भरपूर घेतलं तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं. सोबत पाण्याची गोळी असेल, तर पोटॅशियम दोन्हीकडून उतरतं. तेव्हा काढ्याची बाटलीही त्याच पिशवीत टाका.