जगबुडीच्या दिवसाचा कॅमेरा

जगबुडी होणार अशी आवई अधूनमधून उठते आणि विरते. जगबुडी झाली तर मनुष्य धान्य, पाणी, औषध पाहील. कॅमेरा कशाला पाहील, असे आपण म्हणाल. पण मग जे घडले ते पुढच्यांना कोण सांगणार?

पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी महापे आहे. एके काळचे हे शेतीचे गाव आज औद्योगिक वसाहत झाले आहे. तेथील माझ्या एका विद्यार्थ्याने वर्गात दोन गोष्टी सांगितल्या. त्याच्या आजोबांच्या खळ्याचा कृष्णधवल फोटो पत्र्याच्या पेटीत पन्नास वर्षे टिकला. बहिणीच्या लग्नाचे चारशे फोटो मात्र मोबाईल पाण्यात पडताच गेले. गंमत पाहा, जगाचे फोटो साठवणारी मोठमोठी डेटा सेंटरे याच महाप्यात उभी आहेत! पण त्यांना अहोरात्र वीज लागते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली, लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या. डेटा सेंटरांना जनित्रे असतात हे खरे, पण जनित्राला डिझेल लागते, आणि डिझेल आणायला रस्ता लागतो.

तेव्हा कॅमेरा निवडताना पहिला प्रश्न हा, की विजेवाचून तो चालतो का? पूर्वीच्या यांत्रिक कॅमेऱ्यात झडप स्प्रिंगच्या जोरावर उघडते व मिटते. १९७६ ते १९९७ या काळात निघालेला पेंटॅक्स के-१००० किंवा १९८२ साली आलेला निकॉन एफएम-२ घ्या. यांतला सेल केवळ प्रकाश मोजण्यासाठी असतो; तो संपला तरी फोटो निघतो. मग प्रकाश कसा मोजायचा? सोपे आहे. लख्ख उन्हात छिद्र १६ वर ठेवा, आणि फिल्मचा जो आकडा असेल त्याच्या जवळचा वेग लावा. शंभरची फिल्म असेल तर १/१२५ सेकंद. ढग आले की छिद्र वाढवा. हे गणित शाळेतल्या मुलालाही येईल.

दुसरा प्रश्न, फिल्म टिकेल का? १८९७ साली आन्द्रे नावाचा स्वीडिश प्रवासी दोन साथीदारांसह बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे निघाला. तिघेही परतले नाहीत. १९३० साली एका बर्फाळ बेटावर त्यांचे अवशेष व फिल्म सापडल्या. त्या धुतल्यावर ९३ चित्रे उमटली! तेहतीस वर्षे फिल्म बर्फात होती. चांदीच्या क्षारावर पडलेला प्रकाश थंडीत इतका काळ जपला जातो.

पण आपले कोकण म्हणजे काही उत्तर ध्रुव नव्हे, बरं का! येथे शत्रू दमट हवा. माझ्या वडिलांचा कॅमेरा मी चामड्याच्या पिशवीत घालून कपाटात ठेवला. दोन पावसाळ्यांनी भिंगावर बुरशीची जाळी पसरली. चामडे ओल धरते. म्हणून कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा आणि महिन्यातून एकदा बाहेर काढून झडप चालवून पाहा. फिल्म थंड, कोरड्या जागी ठेवावी.

तिसरा प्रश्न बहुतेक लोक विचारीतच नाहीत. फोटो काढला, पण तो धुणार कोण? फिल्म धुण्यासाठी डेव्हलपर आणि हायपो लागतो. हायपोची पूड कोरडी राहिली तर पुष्कळ दिवस टिकते. डेव्हलपर नसेल, तर झटपट कॉफी, धुण्याचा सोडा आणि क जीवनसत्त्व एकत्र करूनही काम भागते. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करून दाखवावा. मात्र हातमोजे घालावेत, आणि त्या भांड्यात पुन्हा स्वयंपाक करू नये.

डिजिटल कॅमेरा टाकून द्या असे मी म्हणत नाही. सौर पट्टी असेल तर तोही उपयोगी पडतो. पण त्याची बॅटरी वापरली नाही तरी वर्षांगणिक म्हातारी होते, आणि कार्डातली माहिती वाचायला दुसरे यंत्र लागते. कागदावरचा फोटो वाचायला फक्त डोळे लागतात.

तात्पर्य, साखळीची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकीच. कॅमेरा, फिल्म, रसायन, कागद, सारे एकत्र पाहा. आणि जगबुडीची वाट न पाहता आज एक काम करा. घरातले दहा फोटो निवडून कागदावर छापून घ्या, प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने नाव, गाव व साल लिहा. पूर आला, वीज गेली, तरी नातवंडांना कळेल की हे आपले आजोबा, आणि हे त्यांचे खळे.