पडद्यावर बोडो बोलली!

बालमित्रांनो, हे तीन शब्द मोठ्यानं वाचा पाहू : ओंखाम, दै, दैमा.

वाचता आले ना? अर्थ मात्र लागला नसेल! ओंखाम म्हणजे भात, दै म्हणजे पाणी आणि दैमा म्हणजे नदी. पाण्याला ‘मा’ जोडला की झाली नदी, आहे की नाही गंमत? ही बोडो भाषा. आसाममध्ये ब्रह्मपुत्रेच्या उत्तरेला, कोक्राझारच्या बाजूला ती बोलतात. ती आपल्या मराठीची बहीण नाही, तिचं कूळ तिबेटी-बर्मी. लिपी मात्र आपलीच, देवनागरी! तीही सुखासुखी ठरली नाही, बरं का. रोमन लिपी हवी म्हणून १९७४-७५ मध्ये मोठं आंदोलन झालं, त्यात माणसांचे प्राण गेले. शेवटी १९७५ मध्ये देवनागरी ठरली.

मराठी पहिल्यांदा पडद्यावर बोलली १९३२ मध्ये, ‘अयोध्येचा राजा’त. असमिया भाषेतला पहिला चित्रपट ‘जयमती’ १९३५ चा. आणि त्याच आसाममधल्या बोडोतला पहिला कथापट? ‘आलायारोन’, १९८६! म्हणजे ‘जयमती’नंतर तब्बल ५१ वर्षांनी.

एवढा उशीर का बरं? हिशेब करून बघा. कॅमेऱ्याचं भाडं, फिल्मची रिळं, ती धुऊन घेण्याचा खर्च, यातलं काहीच ‘भाषा लहान आहे’ म्हणून स्वस्त मिळत नाही. तिकिटं काढणारे मात्र थोडे. अगदी २०११ च्या जनगणनेतही बोडो बोलणारे साधारण १५ लाखच होते. अशा वेळी पैसे घालायला धाडस लागतं. मला तर वाटतं, थोडा हट्टही लागतो.

तो हट्ट दिग्दर्शक जोंगदाव बोडोसा यांनी धरला. विचार करा, तिथल्या एखाद्या आजीनं तोवर पडद्यावर हिंदी ऐकली असेल, असमिया ऐकली असेल. पण आपण चुलीपाशी बोलतो तीच भाषा तिथून ऐकू येते म्हटल्यावर तिला काय वाटलं असेल?

‘आलायारोन’ला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. तेव्हा बोडो राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नव्हती. तो मान तिला २००३ मध्ये मिळाला. (अनुसूची म्हणजे काय, ते आई-बाबांना विचारा. त्यांचीही उजळणी होईल!)

बोडोसा तिथंच थांबले नाहीत. १९९५ मध्ये त्यांनी जंगलावर आलेल्या संकटाचा चित्रपट केला, ‘हाग्रामायाव जिनाहारि’. यातला ‘हाग्रा’ म्हणजे जंगल. झाले की नाही तुमचे चार शब्द?