दहा डोक्यांचा राक्षस दारातून आत कसा शिरतो?

राक्षस काढा म्हटलं, तर तुम्ही काय काढाल? दोन शिंगं, चार सुळे, लालभडक डोळे आणि डोकी दहा. झाला राक्षस! कागदावर खरंच झाला. पण हाच राक्षस व्हिडिओ गेममध्ये आणायचा म्हटलं, की गेम आर्टिस्टच्या डोक्यात प्रश्नांची रांग लागते. दहा डोकी आडवी लावली, तर याने हात वर कुठून उचलायचा? गदा फिरवली आणि स्वतःच्याच सहाव्या कानावर बसली तर? आणि गुहेच्या दारातून हा आत कसा शिरणार?

चित्रातला राक्षस एका जागी उभा राहतो. गेममधला धावतो, उडी मारतो, धडपडतो, आणि खेळणारा त्याला मागून-पुढून, वरून-खालून बघतो. म्हणून जादूच्या दुनियेतले गेम रंगवणाऱ्या कलाकाराला भन्नाट कल्पना सुचून भागत नाही. ती कल्पना चालली पाहिजे. अगदी पायांनी चालली पाहिजे!

मग तो काय करतो? खऱ्या वस्तू बघत सुटतो. दगडाच्या भेगा, मांजराची चाल, जुन्या देवळांचे खांब यांचे ढीगभर फोटो आणि रेखाटनं जमवतो. या कामाच्या भाषेत त्याला ‘रेफरन्स’ म्हणतात. मुंबईतल्या बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या मुलांसाठी तर रेफरन्सचा खजिनाच जवळ आहे. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची शंभराहून जास्त लेणी आहेत, काळ्या बसाल्ट खडकात कोरलेली. त्यातल्या ४१ क्रमांकाच्या लेण्यात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आहे. तो राक्षस नाही हं, बौद्ध परंपरेतला करुणेचा बोधिसत्त्व. पण शिल्पकाराने अकरा डोक्यांचं गणित कसं सोडवलंय बघा: एक मोठा चेहरा आणि त्याच्यावर मुकुटासारखे रचलेले दहा छोटे चेहरे. खांदे मोकळे, हात मोकळे. आपल्या राक्षसाचीही डोकी अशी उभी रचली, की गदाही फिरेल आणि तो दारातूनही जाईल. फक्त दार जरा उंच हवं!

आता दुसरी परीक्षा. राक्षस आतून पूर्ण काळा रंगवायचा. डोळे नाहीत, दात नाहीत, नुसती बाह्यरेषा. तरी ओळखू आला तर पास! खेळताना सगळं इतकं भरभर घडतं, की आधी आकारच नजरेत भरतो. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर कलावंतांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्यांच्या चामड्याच्या बाहुल्या पडद्यामागून दिव्याच्या उजेडात नाचतात आणि नुसत्या आकारावरून राम कोण, रावण कोण ते कळतं. ही कला जपणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

छायाबाहुल्यांची हीच धाटणी एका गेममध्येही दिसते, आणि तो गेम आपल्या पुण्यात बनला आहे! नाव ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’. सर्कशीत काम करणारी राजी राक्षसांनी पळवलेल्या आपल्या भावाला, गोलूला, शोधायला निघते. गोष्ट सांगणारे प्रसंग छायाबाहुल्यांसारखे, महाल राजस्थानी वास्तूंच्या धर्तीवर आणि रंगकाम पहाडी चित्रशैलीवरून सुचलेलं, हाताने केलेलं. ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या स्टुडिओने तो केला. संस्थापकांपैकी श्रुती घोष स्वतः चित्रकार. २०१७ मध्ये लोकांकडून पैसे जमवायचा त्यांचा प्रयत्न फसला, पण त्यांनी काम सोडलं नाही. ऑगस्ट २०२० मध्ये राजी जगभर पोचली आणि त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या गेमसाठीच्या पुरस्काराचं तिला नामांकनही मिळालं.

चित्र ठरलं, की राक्षस कंप्युटरमध्ये घडवायचा. कशाचा? त्रिकोणांचा! गाल, नाक, पोट, सगळं छोट्या छोट्या त्रिकोणांचं. त्रिकोणच का? कारण कुठलेही तीन बिंदू नेहमी एकाच सपाट पृष्ठावर बसतात. चौथा बिंदू घेतला, की तो वर-खाली होऊ शकतो.

या त्रिकोणी अंगावर रंग कसा चढतो? टूथपेस्टचं रिकामं खोकं घ्या आणि चिकटवलेल्या कडा सोडवून सपाट उलगडा. त्यावर हवं ते रंगवा आणि पुन्हा जोडा. आर्टिस्ट राक्षसाची कातडी अशीच उलगडतो, सपाट चित्रावर खवले, जखमा, शेवाळ रंगवतो आणि ते चित्र परत अंगावर गुंडाळतो. या चित्राला ‘टेक्श्चर’ म्हणतात. २०४८ ठिपके लांब आणि तेवढंच रुंद असं एक टेक्श्चर म्हणजे ४१ लाख ९४ हजार ३०४ ठिपके!

मग वाट्टेल तितके त्रिकोण आणि ठिपके वापरायचे का? छे! पडद्यावर सेकंदाला ६० चित्रं दाखवायची, तर एका चित्राला मिळतात जेमतेम १७ मिलिसेकंद. तेवढ्यात राक्षस, गुहा, मशाली, धूर, सगळं काढून झालं पाहिजे. नाहीतर गेम अडखळतो आणि तुम्ही ओरडता, “लॅग होतोय!” म्हणून राक्षसाच्या चेहऱ्याला भरपूर त्रिकोण आणि कोपऱ्यातल्या दगडाला अगदी थोडे.

कमी जागेत काम भागवायची उस्तादी पाहायची, तर मारिओकडे बघा. १९८१ च्या ‘डाँकी काँग’मध्ये तो १६ बाय १६ ठिपक्यांत मावायचा. त्याला घडवणाऱ्या शिगेरू मियामोतो यांनी त्याला मिशी दिली, म्हणजे तोंड काढायला नको. टोपी दिली, म्हणजे उडणारे केस काढायला नकोत. गणिताच्या चौकटीच्या वहीत १६ बाय १६ घरं आखा आणि आपल्या बाईंचा चेहरा काढून पाहा. (वही बाईंना दाखवायची की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.)

हे काम करायचं असेल, तर सुरुवात शाळेतच होते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा ठाऊक आहेत ना? वस्तुचित्र डोळ्यांना बारकाईने बघायला लावतं, स्मरणचित्र पाहिलेलं मनात साठवायला आणि संकल्पचित्र त्यातून नवं घडवायला. गेम आर्टिस्टला हे तिन्ही लागतं. बारावीनंतर पवईच्या आयआयटीतल्या आयडीसीमध्ये डिझाइन शिकता येतं. आयडीसी १९६९ पासून आहे, आणि तिथल्या पदवीसाठी ‘यूसीड’ ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. त्रिमितीत वस्तू घडवायचं ‘ब्लेंडर’ हे सॉफ्टवेअर तर फुकट मिळतं, त्यामुळे घरी कंप्युटर असेल तर आजच सुरुवात करता येईल. नसेल, तरी पेन्सिल आणि वही पुरे. रोज एक खरी वस्तू बघून काढा. राक्षस नंतर आपोआप चांगले जमतील.