कोयत्याची मूठ



या व्याख्यानमालेत साहित्य, इतिहास, अध्यात्म असे भारदस्त विषय होत असतात. मी माझा विषय 'कोयत्याची मूठ' असा कळवला, तेव्हा चिटणीसांनी दोनदा विचारून घेतले की, ऐकण्यात काही चूक तर झाली नाही ना. चूक झाली नव्हती. मी सातवीपर्यंत शाळेत गेलो. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि कामगारांच्या बैठकींत झाले. तेव्हा जे हातात धरता येते त्यावरच आपण बोलावे, हे बरे.

हा विषय मला एका बाईने दिला. काही वर्षांपूर्वी ऊसतोड मजुरांच्या फडावर आमची बैठक होती. मी दरवाढीवर तासभर बोललो. बोलणे संपल्यावर एक बाई पुढे आली. तिच्या नडगीला चिंधी बांधलेली होती. हातातला कोयता माझ्यापुढे धरून ती म्हणाली, "भाऊ, तुम्ही भावाचं बोललात, ते बरं केलंत. पण ही मूठ माझ्या हातात बसंना, तिचं कोणाला सांगायचं?" मुठीला जुन्या साडीची पट्टी गुंडाळली होती. पहाटेच्या दवाने ती भिजली, कोयता हातात फिरला आणि पाते नडगीवर आले. टनाचा भाव, उचल, वाहतूक यांचे आकडे मला तोंडपाठ होते. परंतु कोयता कसा धरतात, हे इतक्या वर्षांत मी कधी निरखून पाहिले नव्हते. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

आपल्या जिल्ह्याला कोयता परका नाही. मंठा, अंबड, घनसावंगी या भागांतून दसरा-दिवाळीनंतर हजारो कुटुंबे तोडीला बाहेर पडतात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून 'एक कोयता' लिहितात. एकटा माणूस असला तर 'अर्धा कोयता'. हत्याराचे नाव माणसाला लागावे, यावरून हिशेबात काय मोजले जाते ते कळते. पण 'एक कोयता' म्हटला तरी हात दोघांचे असतात, आणि बाजारात मिळणारी मूठ बहुधा पुरुषाच्या पंजाच्या मापाची असते.

आता कामाचा हिशेब करू. ऊस जमिनीलगत तोडावा लागतो, कारण बुडख्याकडे साखर जास्त असते आणि उंच राहिलेले खोड पुढच्या खोडव्याला बाधते. मग वाढे तोडायचे, पाचट काढायचे, मोळी बांधायची. एक ऊस एक ते दीड किलोचा धरला, तर टनात साडेसहाशे ते हजार ऊस येतात. प्रत्येकाला बुडाशी आणि शेंड्याशी असे किमान दोन घाव. जोडीने दिवसाला दीड-दोन टन तोड केली, तर दोन ते चार हजार घाव होतात. प्रत्येक घावाचा धक्का पात्यातून मुठीत आणि मुठीतून मनगटात उतरतो. पाते उसाला भेटते, मूठ माणसाला. आपण मात्र कोयता घेताना नखावर धार पाहतो, पाते वाजवून पाहतो, कमानपाट्याचे पोलाद आहे का ते विचारतो आणि मुठीकडे न पाहताच पैसे देतो.

मूठ पारखायची कशी? पहिली गोष्ट तिचा घाट. अगदी गोल मूठ दिसायला छान, पण घामेजल्या हातात ती फिरते. अंड्यासारखी लांबट गोल मूठ हातात फिरत नाही, शिवाय धार कोणत्या अंगाला आहे हे न पाहता बोटांना समजते. काही दुकानांत बोटांच्या खाचा पाडलेल्या मुठी मिळतात. त्या ज्या हातावर बेतल्या त्यालाच बसतात; इतरांच्या बोटांना खाचांच्या कडा रुततात.

दुसरी गोष्ट जाडी. मूठ आवळल्यावर अंगठ्याचे टोक मधल्या बोटाच्या टोकाला भेटले पाहिजे. किंचित वर चढले तरी चालेल. मूठ बारीक असेल तर ती धरून ठेवण्यासाठी फार आवळावे लागते. जाड असेल तर पकड पुरती बसत नाही. त्या बाईचे हेच झाले होते. मूठ आधीच जाड, गोल आणि गुळगुळीत. निसटते म्हणून तिने पट्टी गुंडाळली, आणि त्यामुळे मूठ आणखी जाड झाली. उपायानेच दुखणे वाढले.

तिसरी गोष्ट लांबी. चारही बोटे बसून मागे एक बोटभर मूठ उरली पाहिजे. आखूड मुठीचे टोक तळहाताच्या मध्यावर रुतते. तेथे शिरा आणि स्नायूंचे दोर कातडीखाली जवळच असतात. म्हणून संध्याकाळी हाताला मुंग्या येतात.

चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते : हात कोणत्या दिशेने निसटणार, ते आधी पाहावे. कोयता फेकून मारायचा असतो. तो हातातून पुढे निघून जाऊ पाहतो. म्हणून त्याच्या मुठीच्या मागच्या टोकाला खाली वळलेला उंचवटा हवा, म्हणजे करंगळी अडते. टोचण्याच्या सुरीचे उलटे आहे. तेथे हात पुढे पात्यावर घसरतो, म्हणून अडसर पुढे हवा. फिनलंडमधले लोक लाकूड तासायला 'पुक्को' नावाची सुरी वापरतात. जुन्या घाटाच्या पुक्कोला पुढे अडसर नसतो. बर्च लाकडाची, मध्ये जराशी फुगीर साधी मूठ असते आणि त्यांचे काम उत्तम चालते. प्रत्येक कामाची मूठ वेगळी, ती शोभेसाठी नव्हे.

लाकूड बाभळीचे चांगले. ते चिवट असते आणि धक्का सोसते. मात्र ते वाळलेले हवे. ओल्या लाकडाची मूठ उन्हाळ्यात आकसते आणि पाते खुळखुळू लागते. रेषा मुठीच्या लांबीने गेलेल्या असाव्यात, गाठ नसावी. पात्याची शेपटी तापवून लाकडात ठोकतात, तेव्हा आतले लाकूड फार जळले तर ते भुसभुशीत होते आणि पकड सैल पडते. म्हणून पाते गोणपाटात धरून मूठ हलवून पाहावी. तोंडाशी लोखंडी कडे घट्ट असावे, म्हणजे लाकूड चिरत नाही. चकचकीत रंगाने फोड येतात, चिंधी पाणी धरून ठेवते, सायकलच्या ट्यूबखाली घाम साचतो. साध्या लाकडाला जवसाचे तेल पाजावे, हे सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ.

पूर्वी बलुतेदारीत पाते लोहार करी आणि मूठ सुतार बसवी. ज्याचे अवजार त्याचा हात त्यांना ठाऊक असे. त्या व्यवस्थेचे गोडवे मी गाणार नाही. तिच्यात जातीचा जाच होता आणि मोल धान्याच्या सुपात मोजले जाई. पण अवजार हाताला बसले पाहिजे ही समज तिच्यात होती, आणि ती आपण फुकट गमावली.

समज परत येत नाही असे नाही. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने 'नवीन' नावाचा विळा तयार केला, त्यात मुठीच्या घाटाचा विचार केला. परभणीच्या कृषी विद्यापीठातही शेतकरी स्त्रियांचे कष्ट हलके करणाऱ्या अवजारांवर काम झाले आहे. ते फडापर्यंत पोचवणे उरले आहे.

येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. अमेरिकेत १९०० च्या सुमारास टेलर नावाच्या गृहस्थाने बेथलेहेम पोलाद कारखान्यात फावड्यांचा अभ्यास केला. एका खेपेस सुमारे २१ पौंड, म्हणजे साडेनऊ किलो, उचलले तर दिवसाचे काम सर्वांत जास्त होते, असे त्याला आढळले. त्याने जड मालाला लहान आणि हलक्या मालाला मोठे फावडे दिले. मजुरी वाढली, परंतु त्याच्याच हिशेबानुसार ४०० ते ६०० मजुरांचे काम १४० जणांवर आले. अवजार सुधारले की लाभ कोणाच्या वहीत जमा होतो, हे विचारावेच लागते. म्हणून दराचा लढा सोडून मुठीकडे वळा, असे मी म्हणत नाही. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, ती मजुरांच्या संघटनेमुळेच. माझे म्हणणे इतकेच की, पुढच्या मागणीपत्रात दराखाली एक ओळ असावी : प्रत्येक बाईला तिच्या हाताच्या मापाचा कोयता.

या सभागृहात व्यापारी आहेत, कारखानदार आहेत. आपल्या जालन्यातून देशभर सळई जाते. जे गाव इतके लोखंड घडवते त्याला तीन मापांच्या मुठी करणे कठीण नाही. आणि माताभगिनींना विनंती आहे की, आज घरी गेल्यावर स्वयंपाकघरातली सुरी हातात घेऊन पाहा. अंगठा मधल्या बोटाला भेटतो का? मूठ तळहातात रुतते का? रुतत असेल तर उद्या बदला. दुकानात जाऊन दुसरी निवडणे आपल्याला शक्य आहे. फडावरच्या त्या बाईला ते शक्य नव्हते, एवढे ध्यानात ठेवा.