फिरत्या घराच्या भिंतीतील छिद्रे : दुरुस्ती आणि दक्षता

चाकांवरचे घर ही कल्पना पाश्चात्त्य देशांत, विशेषतः अमेरिकेत, चांगलीच रुजली आहे. झोपण्याची जागा, स्वयंपाकाचा ओटा व स्नानगृह यांसह बांधलेल्या वाहनातून तेथील कुटुंबे दूरदूरचा प्रवास करतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटन धोरण स्वीकारले आणि आपल्याकडेही अशा वाहनांविषयी कुतूहल वाढले. फिरते दवाखाने, फिरती ग्रंथालये अशा अनेक वाहनांची आतील बांधणीही पुष्कळ अंशी याच धर्तीची असते. त्यामुळे या वाहनांच्या भिंतीत व छतात राहिलेली स्क्रूची लहान छिद्रे कशी बुजवावीत, हा प्रश्न केवळ पर्यटकांपुरता मर्यादित राहिलेला नाही.

पडद्याची दांडी, पंखा किंवा एखादे कपाट काढले की मागे दोन-चार छिद्रे उरतात. त्यांवर थोडी लांबी फिरवली की काम संपले, असा सर्वसाधारण समज आहे. तथापि, वाहनातील छिद्र हा केवळ शोभेचा प्रश्न नसतो. ते बाहेरच्या पत्र्यापर्यंत गेले असेल, तर पावसाच्या पाण्याला वाट मिळते आणि संपूर्ण भिंत आतून कुजू शकते.

भिंतीची रचना

घराची भिंत विटांची असते. वाहनाची भिंत थरांची असते. आतल्या बाजूस साधारणतः ३ ते ४ मिलिमीटर जाडीचे प्लायवुड व त्यावर छापील कागद, व्हिनाइल किंवा सनमायका असतो. त्यामागे लाकडाची अथवा धातूची चौकट आणि उष्णतारोधनासाठी थर्माकोलसारखा पदार्थ भरलेला असतो. बाहेरून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा किंवा फायबरचे आवरण असते. पातळ प्लायवुडमध्ये स्क्रूला पकड कमी मिळते. त्यात रस्त्यावरील हादऱ्यांची भर पडली की स्क्रू सैल होतो आणि छिद्र रुंदावते. याच कारणाने सिमेंटची किंवा प्लास्टरची कडक लांबी येथे टिकत नाही. काही दिवसांतच तिला तडा जाऊन ती गळून पडते.

आधी परीक्षा, मग उपचार

छिद्र दिसताच ते बुजवण्याची घाई करू नये. प्रथम बारीक तार अलगद घालून छिद्राची खोली पाहावी. त्यापूर्वी बॅटरीची जोडणी व बाहेरून घेतलेला वीजपुरवठा बंद करणे अत्यावश्यक आहे, कारण भिंतीच्या पोकळीतून विजेच्या तारा गेलेल्या असतात. त्यानंतर छिद्राभोवती अंगठ्याने दाबून पाहावे. प्लायवुड मऊ लागले, तपकिरी डाग दिसला किंवा कुबट वास आला, तर आत ओल आहे असे समजावे.

येथे एक गोष्ट विसरू नये. पाणी ज्या ठिकाणी शिरते त्याच ठिकाणी डाग पडेल असे नाही. ते चौकटीवरून वाहत जाऊन काही हात अंतरावरही प्रकट होते. म्हणून टपावरील झडपा, दिवे व पत्र्याचे सांधे तपासावेत. एकाने टपावर थोडे थोडे पाणी सोडावे आणि दुसऱ्याने आतून लक्ष ठेवावे.

बाहेरची बाजू प्रथम

ओल असताना आतील छिद्र बुजवल्यास पाणी भिंतीतच कोंडले जाते. लाकडातील आर्द्रता २० टक्क्यांच्या आत राहिली तर बुरशी सहसा वाढत नाही. ओल कोंडली की मात्र कुजण्यास प्रारंभ होतो. म्हणून बाहेरचे छिद्र आधी बंद करावे, भिंत पूर्ण वाळू द्यावी आणि मगच आतले काम हाती घ्यावे.

बाहेरच्या छिद्राला लाकडाची लांबी चालत नाही. जुना मळ व सुटलेले सीलंट खरवडून जागा स्वच्छ पुसावी आणि वाहनांसाठीचे लवचीक पॉलियुरेथेन सीलंट भरावे. सिलिकॉन वापरल्यास त्यावर रंग बसत नाही, हे लक्षात ठेवावे. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यात साधा लोखंडी स्क्रू बसवू नये. दोन धातूंच्या संपर्कात ओल आली की झीज होते. तेथे स्टेनलेस स्टीलचा स्क्रू सीलंटसह बसवावा.

आतील छिद्रे

सुमारे ३ मिलिमीटरपर्यंतचे छिद्र लाकडासाठीच्या तयार लांबीने अथवा अ‍ॅक्रिलिक भरणाने बुजवता येते. कडेचे उचललेले तंतू कापून टाकावेत, भरण पत्र्याच्या पातीने दाबून भरावे आणि जास्तीचे लगेच ओल्या फडक्याने पुसावे. छापील कागदावर पॉलिश पेपर घासल्यास नक्षी निघून जाते. म्हणून भिंतीच्या रंगाचेच भरण निवडणे श्रेयस्कर ठरते.

याहून मोठ्या छिद्रात लाकडाच्या सरसात बुडवलेली बांबूची किंवा आगपेटीच्या काडीची गुल नसलेली कामटी घट्ट बसवावी. सरस वाळल्यावर ती पृष्ठभागाशी सपाट कापून वर लांबीचा पातळ हात द्यावा. छिद्राभोवतीचे प्लायवुड फाटले असल्यास लांबीचा आग्रह न धरता त्यावर लहान पट्टी किंवा झाकण बसवावे.

छतात जाड भरण स्वतःच्या भाराने लोंबते. तेथे दोन-तीन पातळ थर, प्रत्येक थर वाळल्यानंतरच, द्यावेत. वर पाहून काम करताना डोळ्यांना चष्मा व नाकाला फडके असावे.

त्याच जागी पुन्हा स्क्रू लावायचा असेल, तर केवळ लांबी उपयोगी नाही. ती भार पेलत नाही. शक्यतो मागे चौकट असलेली जागा शोधावी. कपाटासारखी जड वस्तू नुसत्या प्लायवुडवर कधीही टांगू नये. धावत्या वाहनात ती निखळून कोणाच्या तरी अंगावर पडण्याचा धोका असतो.

नोंद आणि तपासणी

कोकणात वर्षाकाठी सरासरी २,५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अशा प्रदेशात फिरणाऱ्या वाहनाची मे महिन्यातच एकदा टपापासून तळापर्यंत तपासणी व्हावी. सापडलेले छिद्र, त्याची जागा आणि दुरुस्तीची तारीख वाहनाच्या नोंदवहीत लिहावी. पुढील वर्षी त्याच ठिकाणी डाग दिसल्यास दोषाचा शोध घेणे सोपे जाते. ज्या संस्थांकडे अशी वाहने आहेत, त्यांच्या चालकांना व सुतारांना ही पद्धत समजावून दिल्यास थोड्या खर्चात सार्वजनिक मालमत्तेचे आयुष्य वाढेल आणि वाहन ऐन पावसाळ्यात दुरुस्तीसाठी अडकून पडणार नाही.