जुनी गाडी : किंमत एक, खर्च अनेक

समजा, लखनऊच्या वृंदावन योजनेत जुनी विलीज स्टेशन वॅगन स्वस्तात विकाऊ आहे. फक्त दुरुस्ती करून घ्यायची. पण सांगितलेली किंमत ही खर्चाची सुरुवात असते.

विसार देण्याआधी आरसीवरील चेसिस व इंजिन नंबर गाडीशी ताडून पाहा. कर्जाचा बोजा नाही ना, तेही तपासा. गाडी महाराष्ट्रात आणायची तर तिथल्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते.

५० वर्षांवरील, मूळ रूपातील गाडीची २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणी होते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये. मात्र अशी गाडी रोज किंवा भाड्याने चालवता येत नाही, म्हणजे उत्पन्न शून्य.

मेकॅनिककडून लेखी अंदाज घ्या. मुदत ठेव मोडून छंद करू नका. त्यासाठी वेगळे पैसे साठवा.